समोरच्या म्हाताऱ्याची वही

२००१ च्या डिसेंबरात आम्ही अमेरिकेत, वेस्ट विंडसरला राहायला आलो. नवरा सकाळीच ऑफिसला जायचा, मी डिपेंडंट व्हिसावर घरी. दिवसभर घरात असलेल्या बाईला खिडकीतून बरंच काही दिसतं. समोरच्या घरातला म्हातारा मला असाच दिसला. आमच्याकडे कुणाची गाडी थांबली की तो पडद्याआडून बघायचा आणि छोट्याशा वहीत काहीतरी लिहायचा.

सप्टेंबरातल्या अतिरेकी हल्ल्यानंतर तेव्हा आपल्या रंगाच्या माणसांकडे लोक जरा जास्तच निरखून बघत. त्यातून नागपूरचा एक मित्र आमच्याकडे राहायला होता. त्याची नोकरी गेलेली, त्यामुळे व्हिसाही लटकलेला. त्याने घाबरून दाढीसुद्धा काढून टाकली. नवरा म्हणाला, "सगळे पेपर्स एका फाइलमध्ये ठेव. हा बाबा आपली कम्प्लेंट करणार."

पुढच्या वर्षी गणपतीला आमच्या दारात आठ-नऊ गाड्या आल्या. म्हातारा चक्क अंगणात उभा राहून लिहीत होता. दुसऱ्या दिवशी मी रस्ता ओलांडून त्याची बेल वाजवली.

"आमच्याबद्दल काय लिहिता?"

त्याने वही आणून सरळ माझ्या हातात दिली. आत गाड्यांचे नंबर होते. आमच्या पाहुण्यांचे होतेच, पण पोस्टमनचा, प्लंबरचा आणि त्याच्या स्वतःच्या मुलीचाही होता.

"आईने लावलेली सवय," तो म्हणाला आणि मला बसायला सांगितलं.

तो स्पेनच्या कॅटलोनियातला, ल्येइदा नावाच्या शहरातला. यादवी सुरू झाली तेव्हा आठ वर्षांचा होता. आधी शहर चर्चविरोधी क्रांतिकारकांच्या ताब्यात गेलं. एक गाडी आली आणि त्याच्या पाद्री मामाला घेऊन गेली. पुढे विमानांनी बॉम्ब टाकले, त्यात त्याच्या ओळखीची शाळकरी मुलं मेली. मग पुढे हुकूमशहा झालेल्या फ्रँकोचं सैन्य शहरात शिरलं. पुन्हा गाडी आली, या वेळी शिक्षक असलेल्या वडिलांसाठी. तेव्हापासून गल्लीत येणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर आई त्याला लिहून ठेवायला लावायची. "मामा एकांना नको होता, बाबा दुसऱ्यांना. दोन्ही वेळा नाव कळवणारा आमच्याच गल्लीतला असणार. कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही." टेकडीवरचं जुनं कॅथेड्रल तर दोनशेहून जास्त वर्षं सैनिकांची बराक होतं. "जो जिंकेल त्याचे शिपाई तिथे झोपायचे," तो म्हणाला.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. नवऱ्याने जुना ॲटलास काढला. ल्येइदा कुठेच नाही. "बघ! फेकतोय. असं शहरच नाही."

माझ्याही मनात पाल चुकचुकली. मी ॲटलास घेऊन परत गेले. म्हाताऱ्याने चष्मा लावला आणि 'लेरिदा' या अक्षरांवर बोट ठेवलं. "जिंकणाऱ्यांनी आमची भाषा बंद केली. शाळेत ल्येइदा म्हटलं की छडी बसायची. तुमचा नकाशा त्यांचंच नाव सांगतो."

मला लाज वाटली, पण पुरता विश्वास मात्र बसला नाही. एवढं भोगलेला माणूस दुसऱ्यांवर पाळत कशी ठेवू शकतो?

नोव्हेंबरात सूट घातलेले दोन सरकारी अधिकारी आमच्या दारात आले. मित्र कुठे आहे, कधीपासून राहतो, त्याला कोण भेटायला येतं, हे विचारलं. मित्र लायब्ररीत गेला होता. कार्ड ठेवून ते समोर म्हाताऱ्याकडे गेले आणि चांगली वीस मिनिटं आत होते.

ते गेल्यावर म्हातारा स्वतः आला. पायरीवरच उभा राहिला.

"मी त्यांना सांगितलं, मला नीट दिसत नाही."

"आणि वही?"

"त्यांनी मागितली नाही."

एवढंच बोलून तो वळला. मी त्याला आत या म्हटलं नाही. ते आजही मनाला लागतं.

मित्राला पुन्हा कुणी काही विचारलं नाही. पण नवी नोकरीही मिळाली नाही, आणि मार्चमध्ये तो नागपूरला परत गेला. नवरा अजून म्हणतो, त्या दोघांना म्हाताऱ्यानेच बोलावलं होतं. मला तसं वाटत नाही. पण शपथेवर सांग म्हटलं तर मी गप्प बसेन.

२००६ मध्ये आम्ही टेक्सासला, फ्रिस्कोला गेलो. सामानाचा ट्रक भरत होता तेव्हा मी त्याचा निरोप घ्यायला गेले. दार त्याच्या मुलीने उघडलं. बाबा झोपलेत, म्हणाली. वरच्या खिडकीचा पडदा मात्र हलला होता.