दादाचा उडणारा वीर

तान्ह्या पोळ्याची दुपार. हजर: मी, माझी मुलगी चित्रा आणि टीव्हीवरच्या सिनेमात एक उडणारा वीर.

"आई, कॉमिकची वाट लावून टाकली या पिच्चरवाल्यायनं," चित्रा वैतागली. "नुसती मारामारी. कॉमिकात तो भेतेबी, ते गाळूनच टाकलं."

मी पेटी आवरत होते. जुन्या कागदाचा आणि डांबरगोळ्यांचा वास आला, आणि तळाशी दादाचं तेलुगू कॉमिक हाती लागलं.

लहानपणी, सीमेपलीकडच्या वांकिडीला दादा तेलुगू शाळेत होता, मी मराठी. घरात भरलेल्या कापसावर पालथा पडून, चित्रांवर बोट फिरवत तो मला मराठीत गोष्ट सांगायचा. "वीर आता घरी चाल्ला. मायनं भाकर झाकून ठेवली."

"काऊन रे दादा, उडणाऱ्याले भूक लागते?"

"लागते ना, बह्याड! उडून उडून जास्तच लागते."

आम्ही हसायचो आणि कापूस केसांत अडकायचा. दादाला जाऊन आता बरीच वर्षं झाली.

चित्राने पानं चाळली. "भाकर तं कुठी दिसून नाई राह्यली. मामानं मनानंच सांगतलं वाटते. खरं काय लिवलं ते वाचून दाखवू?"

शाळेत शिकल्याने तिला तेलुगू छान वाचता येतं, मला नाही. मी म्हटलं, आधी पेटी आवरू. पेटी आवरली, कपाटही आवरलं. कॉमिक तेवढं वाचून घ्यायचं राहिलंय.