मुका मार रंगवणारी बाई

टेसी ग्रेकचा हात मुक्या मारात बसलेला होता. गैरसमज करून घेऊ नका, टेसीनं उभ्या जन्मात कुणाला साधी चापटही मारली नसेल. 'पूर्व बंदर' ही पोलिसांची मालिका मेलबर्नमध्ये अकरा वर्षं दर मंगळवारी लागायची, आणि तिच्यात ज्या बायका मार खायच्या आणि मरायच्या, त्यांना रंगवायचं काम टेसीचं. पहिल्या दिवसाचा डाग लाल, तिसऱ्या दिवशी जांभळा, पाचव्या दिवशी कडेनं हिरवट-पिवळा, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. माल्टाहून बोटीनं आलेली पोर, सनशाइन उपनगरातल्या एका केशकर्तनालयात झाडू मारायची. आणि आता नट्या तिच्याच खुर्चीत बसण्यासाठी भांडायच्या. अभिमान होता तिला. का नसावा?

१९८६च्या जुलैत, तिकडच्या ऐन थंडीत, ॲग्नेस वॉर्बी नावाच्या बाईनं तो अभिमान पार खरवडून काढला.

ही वॉर्बी बायकांच्या एका छोट्या मासिकात सिनेमा-टीव्हीवर लिहायची. जहाल स्त्रीवादी. नुसतं नाव काढलं तरी बाप्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. बाईनं 'पूर्व बंदर'चे अकरा वर्षांचे भाग बसून मोजले होते. एकोणसत्तर बायका मेल्या, पण एकीचाही डोळा सुजला नव्हता, एकीचंही नाक फुटलं नव्हतं. 'इथं मार नेहमी डाव्या गालाच्या हाडाखाली बसतो, आपण लाली लावतो तिथं,' तिनं लिहिलं होतं. 'मार असा देखणा केला की मारणारा कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. आणि तो देखणा करायला रोज सकाळी कुणीतरी ब्रश धुऊन बसतं.'

मासिक वाचणारे किती? मूठभर. पण एका दैनिकानं त्यातला उतारा छापला आणि मग काय विचारता! रेडिओवर फोनांचा पाऊस पडला. एक आजोबा म्हणाले, 'बघवत नसेल तर विणकाम करा म्हणावं.' एक बाई म्हणाली, 'माझा नवरा मला मारायचा, पण मंगळवारी तो तासभर गप्प बसून बघायचा. मालिका बंद करू नका हो!' निवेदकानं घाईघाईनं गाणं लावलं.

स्टुडिओत तर नुसता भडका उडाला होता. जॅसिंटा, म्हणजे मालिकेतली इन्स्पेक्टरीणबाई, टेसीच्या खुर्चीत बसून फणफणत होती. "माझ्या गालावर बोलते ही! सहा वर्षं त्या दिव्याखाली भाजून निघतेय मी. कुठं राहते गं ती भवानी?"

"मग काय, आता भेसूर प्रेतं आणायची का?" दिवे सांभाळणारा दारातून म्हणाला, तशी सगळी खोली खो खो हसली.

टेसीही हसली, पण जरा उशिरा. डावा गाल का, ते तिला पक्कं ठाऊक होतं. पहिल्याच वर्षी निर्माता नेव्हिल प्रॅट तिला म्हणाला होता, "डोळाबिळा सुजवू नकोस गं बाई, लोक जेवताना बघतात." तिनं मान डोलावली आणि गालाखाली असा झकास डाग काढून दिला की नेव्हिलनं टाळ्या वाजवल्या. त्यानंतर तिनं डोळ्याला कधी हात लावला नाही.

घरी नवऱ्याला, चार्लीला, तिनं लेख वाचून दाखवला. चार्ली ट्राम चालवायचा, पायांचे तुकडे पडलेले, शेकोटीपुढं बसला होता.

"ब्रशवाली म्हणजे मीच की रे," ती म्हणाली.

"अगं, तुझं नाव तरी आहे का त्यात? जेव आणि झोप."

नाव नव्हतं, हीच तर पंचाईत होती. टेसीला वाटत होतं की या बाईला त्या मुलीचं कळलंय.

ती मुलगी! दोन हिवाळ्यांपूर्वी आली होती एका दिवसाच्या कामाला, गळा आवळून मारलेल्या पोरीचं प्रेत व्हायला. अंगात पातळ बिनबाह्यांचा झगा. उजव्या दंडावर चार बोटं उमटलेली आणि मागून एक अंगठा, हिरवट-पिवळा, कडेला जरासा तपकिरी. टेसी बघतच राहिली. दुसऱ्या कुणाचं तरी काम पुसायचं राहिलंय, असं तिला वाटलं, आणि खरं सांगायचं तर तिला हेवा वाटला. "कुठल्या मालिकेत होतीस गं? कुणी काढलं हे? पाचवा दिवस काय अचूक साधलाय!" असं म्हणत तिनं बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि दंड घासायला घेतला. चांगला खसाखसा घासला.

"ते निघायचं नाही, मिसेस ग्रेक," मुलगी हळूच म्हणाली.

टेसीचा हात थांबला. बाहेरून सहायक दिग्दर्शक ओरडत होता, "प्रेत तयार आहे का? प्रेत पाठवा!" कागदावर लिहिलं होतं, दंड स्वच्छ, डाव्या गालावर डाग. टेसीनं जाड लेप घेतला आणि दंडावरची पाचही बोटं झाकून टाकली. मग डाव्या गालावर एक देखणा डाग काढला. मुलगी जाताना 'थँक्यू' म्हणाली. धडपडली असेल कुठंतरी, असं टेसीनं स्वतःला समजावलं. पाच बोटांवर कुणी धडपडतं का? पण समजावलं.

आणि आता गुरुवारी नेव्हिल हातात टाईप केलेलं पत्र घेऊन आला. दैनिकाला उत्तर जाणार होतं, मालिकेतल्या सगळ्या बायकांच्या सह्यांनिशी. "पहिली सही तुझी, टेसी. सगळ्यांत जुनी तू आहेस. उद्या दुपारपर्यंत दे." पत्रात बरंच काय काय होतं. एका ओळीवर टेसीची नजर अडकली: 'पूर्व बंदरच्या आवारात एकाही स्त्रीच्या अंगाला आजवर कुणी इजा केलेली नाही.'

सही केली नाही तर नोकरीवर गदा येणार, हे न समजण्याइतकी ती भोळी नव्हती. केली तर? तिला ती मुलगी आता कुठंतरी सुखात आहे, एवढंच ऐकायचं होतं. तेवढं कळलं असतं तर तिनं डोळे मिटून सही ठोकली असती. शुक्रवारी सकाळी ती कचेरीत मर्लकडे गेली. जुने कागद मर्लकडे असायचे.

"एका मुलीचं नाव हवंय. दोन वर्षांपूर्वी जुलैत मेलेली."

"जुलैत तिघी आहेत," मर्ल फाईल चाळत म्हणाली. "बुडालेली, जिन्यावरून पडलेली की गळा आवळलेली?"

"गळा आवळलेली."

त्या दिवसाच्या कागदावर नुसतं 'मृत मुलगी' असं होतं. मर्लनं आणखी तीन फायली उपसल्या तेव्हा कुठं नाव निघालं. रोवीना हॅकेट, फुटस्क्रे भागातला पत्ता, आणि फोन नंबर. टेसीनं मर्लच्याच टेबलावरून तो फिरवला. दोनदा चुकला.

एका पुरुषानं उचलला. मऊ, अदबशीर आवाज.

"रोवीना? तिनं ते काम सोडलं. मीच सोडायला लावलं. कोण बोलतंय?"

"मी... 'पूर्व बंदर'मधून. मेकअपवाली."

"अरे वा! आम्ही एक मंगळवार चुकवत नाही. तिचा भाग टेप करून ठेवलाय मी. काय सुरेख रंगवलं होतंत हो तिला!" मग जरा थांबून, त्याच मऊ आवाजात, "काय काम होतं तिच्याशी?"

आपण काय करून बसलो, हे टेसीला तेव्हा उमगलं. इथून पुढं ती जे बोलेल ते त्या पोरीच्या अंगावर निघणार होतं. "काही नाही, पत्ते नव्यानं लिहून घेतोय," ती कशीबशी म्हणाली.

"कशाला? ती येणार नाहीये." मागून एका बाईचा आवाज आला, "कोण आहे?" "कुणी नाही. राँग नंबर," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

टेसी फोन तसाच कानाशी धरून उभी होती. तेवढ्यात नेव्हिल आला, पत्र पुढं केलं, वर पेन ठेवलं.

"ही ओळ खोटी आहे," ती म्हणाली.

"कुठली?" त्यानं वाचली आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं दार लोटून घेतलं. "कुणी हात उचलला इथं? नाव सांग, टेसी. आत्ताच्या आत्ता हाकलतो त्याला."

"इथं नाही कुणी मारलं. मारलेली पोर इथं आली होती. मी घासून बघितलं, निघेना. मग मी झाकलं."

नेव्हिलनं सुटकेचा निःश्वास टाकला. माणूस दुष्ट नव्हता, पण त्या क्षणी त्याला खरंच बरं वाटलं. "एवढंच ना! केवढं घाबरवलंस. मग ओळ खरीच आहे की गं. कर सही."

टेसीनं पेन टेबलावर ठेवलं आणि ती बाहेर पडली.

पत्र छापून आलं, एकोणीस बायकांच्या सह्यांनिशी. टेसीनं मार खाणाऱ्या बायकांना आसरा देणाऱ्या संस्थेला फोन केला, रोवीनाचा पत्ता दिला. तिथली बाई म्हणाली, "तिनं स्वतः बोलावल्याशिवाय आम्हाला जाता येत नाही. आणि तुम्ही कृपा करून तिथं पुन्हा फोन करू नका." त्या रात्री टेसीनं ताट सरकवून दिलं. चार्लीनं विचारलं, तर ती त्याच्यावरच खेकसली आणि मग ओक्साबोक्शी रडली.

नेव्हिलनं तिला काढलं नाही. जॅसिंटा मात्र म्हणाली, ही बाई मला नको. मग टेसीची बदली मागच्या पत्र्याच्या खोलीत झाली, एका दिवसाच्या कामाला येणाऱ्या मुलींना रंगवायला. तिथं ती आधी प्रत्येकीचं नाव विचारून वहीत लिहायची. मग दार लावून विचारायची, "अंगावर काही खरं आहे का गं? असेल तर आधी सांग."

बहुतेक जणी खळखळून हसायच्या. नाताळपर्यंत चौघी हसल्या नाहीत.