दोघांची तपासणी

दादाने मला त्याची एक किडनी दिली आणि तेव्हापासून तो माझ्याबद्दल बोलताना ‘आम्ही’ म्हणायला लागला. ‘आमचा ताप उतरला’, ‘आम्हाला काल झोप छान लागली’. चाळीतल्या बायकाही माझी चौकशी त्याच्याकडेच करायच्या आणि मी समोर बसलेली असताना तो सविस्तर उत्तर द्यायचा.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. घाटकोपरला आम्ही तिघं राहत होतो, दादा, वहिनी आणि मी. वडील लवकर गेले, तेव्हापासून दादानेच मला वाढवलं. तो विक्रोळीच्या एका कारखान्यात फोरमन होता. मी टेलिफोन ऑपरेटर, पण आजारपणामुळे लांबलचक रजेवर. ऑपरेशन शहरातल्या मोठ्या रुग्णालयात झालं होतं. नंतरच्या तपासण्यांसाठी मात्र आमचे डॉक्टर आठवड्यातून एकदा अंधेरीच्या एका रुग्णालयात यायचे, तिथे आम्ही बसने जायचो.

त्या दिवशी पहिल्यांदाच दोघांनाही बोलावलं होतं. मला नेहमीप्रमाणे, आणि दादाला, एका किडनीवर त्याचं कसं चाललंय ते बघायला. दादाच्या मते त्याला बोलावणं हा निव्वळ शिष्टाचार होता.

आदल्या दिवसभराची लघवी कॅनमध्ये साठवून न्यावी लागे. तो कॅन मी कापडी पिशवीत घालून नेत असे, पण दादा सोबत असला की माझ्या हातात देत नसे. बसमध्ये खिडकीपाशी मी, संसर्ग नको म्हणून तोंडावर रुमाल बांधलेला, आणि शेजारी मांडीवर पिशवी धरून ताठ बसलेला दादा. साकीनाक्याला एक आजी चढल्या. पिशवीतून डोकावणारं झाकण त्या बराच वेळ न्याहाळत होत्या. शेवटी त्यांनी विचारलंच, “गोमूत्र का हो?”

“जवळपास,” दादा गंभीरपणे म्हणाला.

आजींनी पिशवीला हात लावून नमस्कार केला. मी रुमालाआड इतकी हसले की टाके दुखले. दादा मात्र अंधेरी येईपर्यंत समोर बघत राहिला.

रुग्णालयात आधी दोघांचं रक्त घेतलं. मग मी वहिनीने दिलेला आळणी उपमा खाल्ला. ऑपरेशनच्या आधीपासून मला मीठ बंद होतं. वहिनी रोज दोन भांड्यांत स्वयंपाक करायची, एक माझ्यासाठी आणि एक त्यांच्यासाठी. दादा कँटीनमध्ये जाऊन बटाटेवडे खाऊन आला. मिशीला चटणी तशीच होती. मी ती दाखवली तर म्हणाला, “तुझ्यासाठीच खाल्ले गं. किडनीला सवय आहे, एकदम तोडू नये.”

गोळ्यांनी माझा चेहरा गरगरीत झाला होता आणि भूक तर अशी की विचारू नका. ही भूक त्याच्याकडून आली, असं दादा अभिमानाने सांगायचा. घोरणंही आलंय, असं मी म्हटलं की तो विषय बदलायचा.

दुपारी डॉक्टरांनी आत बोलावलं. ते अगदी कमी बोलायचे. त्यांनी माझे रिपोर्ट पाहिले, पोट तपासलं, टाके पाहिले आणि म्हणाले की किडनी उत्तम चालली आहे, आता जेवणात थोडं मीठ घ्यायला हरकत नाही. दादाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्याचाच बोर्डात नंबर आला होता. मग डॉक्टरांनी त्याचा रक्तदाब घेतला. जरा थांबून पुन्हा घेतला. मग दुसऱ्या हाताचा.

“मीठ बंद करा,” ते म्हणाले.

“तिचं ना?”

“तुमचं. वडेबिडेही बंद.”

हे माझ्यामुळे तर झालं नाही ना, असं मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं की ऑपरेशनआधी सगळं ठीक होतं, आता वजन वाढलंय, वडिलांनाही हाच त्रास होता. वेळीच कळलंय, आता पथ्य पाळलं आणि चाललं-फिरलं की ताब्यात राहील. मी ऐकत होते, पण बरं वाटायला वेळ लागला. दादाने विचारलं ते एवढंच, की लोणचं मिठात धरतात का.

परतताना बसमध्ये, घर जवळ आल्यावर तो म्हणाला की वहिनीला आत्ताच काही सांगू नकोस, उगीच काळजी करेल. वहिनीने दार उघडलं आणि विचारलं, तसा तो म्हणाला, “आम्ही उत्तम आहोत.” मी म्हटलं, “मी उत्तम आहे. याचं मीठ बंद.”

वहिनीने कंबरेवर हात ठेवून त्याच्याकडे पाहिलं, पण रागावली नाही. रात्री तिने नेहमीसारखी दोन भांड्यांत आमटी केली आणि फक्त वाट्या बदलल्या. मी पहिला घास घेतला. जीभ जागी झाल्यासारखं वाटलं, डोळ्यांत पाणीच आलं. समोर दादा घास तोंडात घोळवत बसला होता. दुसरा घास घेण्याआधी तो थांबला.

“हे तू दोन वर्षं खाल्लंस?” त्याने विचारलं.

मी मान हलवली. त्याने आमटी पूर्ण संपवली, वाटीत बोट फिरवून.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो मला उठवायला आला. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, चल, म्हणाला. आम्ही वस्तीमागच्या टेकडीपर्यंत निघालो. अर्ध्या वाटेतच त्याला धाप लागली आणि तो एका दगडावर टेकला. “तू दमली असशील,” तो म्हणाला, “बस जरा.” मी अजिबात दमले नव्हते. त्याच्या शेजारी बसले.