सगळ्यांना पुरेल एवढी सावली

सुहासच्या ऑफिसमधून फोन आला तेव्हा मी त्याच्यावरच चिडले होते. आमच्या कॅम्पर व्हॅनचं ऑनिंग, म्हणजे गाडीच्या कडेला गुंडाळून ठेवायचं कापडी छप्पर, ड्राइव्हवेवर उघडंच टाकून स्वारी कामाला गेली होती. सकाळपासून वारा सुटलेला. येऊ दे घरी, बघतेच, असं मी घोकत होते… तो आलाच नाही. लंचच्या वेळी खुर्चीतून खाली घसरला आणि हॉस्पिटलात पोचायच्या आत सगळं संपलं. नवरा गेल्यावर बायकोने रडावं हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिला राग आला तर तो कुठे ठेवायचा, हे कुणी सांगत नाही. दोन महिने होत आले, माझा अजून जागच्या जागी आहे.

आम्ही पुण्याहून सिडनीत आलो, स्कोफिल्ड्सला घर बांधलं. लेक ईशा युनीत शिकायला मेलबर्नला गेली तेव्हा सुहासने ही जुनी व्हॅन घेतली. आत झोपायची सोय होतीच, ऑनिंग तेवढं बसवायचं होतं. दुकानातल्या माणसाने हँडल फिरवून उघडायचं, आटोपशीर असं एक दाखवलं. "तुम्ही दोघंच ना? नो वरीज मेट, हे पुरेल." सुहासचा चेहराच पडला. दोघंच कसे? आमचा पाच घरांचा ग्रुप. दिवाळी, गणपती, बारसं, सगळं एकत्र. त्याने दुकानातलं सगळ्यात लांब ऑनिंग उचललं. मी म्हटलं, "अरे, तुला सुट्टीवर जायचंय की लग्नाचा मांडव घालायचाय?" तो नुसता हसला.

मग सुरू झालं शिवणकाम आणि ठोकाठोकी. ग्रुपमधला नीलेश म्हणाला, पोरांना ऊन लागेल. याने पुढे चेनने जोडायचा कापडाचा जादा तुकडा शिवून घेतला. नीलेशची बायको म्हणाली, वाऱ्यात शेगडी कशी टिकणार. एका बाजूला कापडाची भिंत आली. कुणाची आई पुण्याहून येणार होती, तिला वाकून आत शिरता येणार नाही, म्हणून अख्खं ऑनिंग उतरवून वर चढवलं. वर चढवलं तर तिरपं ऊन आत यायला लागलं, मग समोर जाळी. पावसाचं पाणी मध्ये साठून कापडाला पोट सुटलं, तर एका कोपऱ्याचा पाय आखूड केला, पाणी तिकडून ओघळावं म्हणून. इतकं सगळं झालं की ग्रुपवर मेसेज यायचा, या वेळी जमत नाही रे, पुढच्या लाँग वीकेंडला नक्की! आणि सुहास उलट त्यांचीच समजूत काढायचा. ईशा फोनवर वैतागायची, "बाबा, जस्ट गो ना!"

"आपण दोघंच जाऊ," मी किती वेळा म्हणाले असेन. मला समुद्राकाठी त्याच्याबरोबर एक सकाळ हवी होती, दुसरं काही नको होतं.

"अगं, एवढं मोठं लावलंय आणि दोघंच जाऊन बसू? लोक काय म्हणतील, विचारलंसुद्धा नाही?"

"लोक काही म्हणत नाहीत, सुहास. लोक येतच नाहीत."

तो पाना घेऊन बाहेर गेला. वाईट वाटलं की तो असंच करायचा. भाबडा होता हो, अगदी भाबडा. ड्राइव्हवेवर खुर्च्या मांडून प्रत्येकीवर स्वतः बसून बघायचा, कुणाच्या डोळ्यांवर ऊन येतंय का. एका आर्व्होला, म्हणजे दुपारी, मी तिथेच चहा नेला. समोर शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या बिन्स, त्यांच्याकडे बघत आम्ही चहा प्यायलो. तेवढीच आमची ट्रिप.

तेराव्याला मात्र सगळे आले. पाचही घरं, पोरं, ती पुण्याची आई. घरात मावेनात, बाहेर रणरणतं ऊन. नीलेशने ऑनिंग उघडलं, जादा तुकडा जोडला, जाळी सोडली. सगळे बसले, एकाच्याही डोळ्यांवर ऊन नाही. सुहासचा हिशेब चोख होता. मी श्रीखंडाचं पातेलं घेऊन बाहेर आले तर नीलेश म्हणत होता, "काय डोकं लावलंय बघा सुहासने. एकदा जायला हवं होतं यार आपण."

माझं डोकंच फिरलं. पातेलं खाली ठेवलं, पुढच्या तुकड्याची चेन ओढून तो सोडवला आणि हँडल फिरवायला घेतलं.

"वहिनी, अहो… ऊन येतंय."

"येऊ दे."

कापड आत जाऊ लागलं तशा खुर्च्या मागे सरकल्या, मग एकेक जण ताट घेऊन उठला. पुण्याच्या आजींना ईशाने हात धरून आत नेलं. गाडीला टेकून दोन खुर्च्या मावतील एवढी सावली उरली, तेव्हा मी थांबले. एकीवर बसले. दुसरीवर कुणाला बसू दिलं नाही.