सूर्याला रांगेतून काढणाऱ्या काशीबाई

काशीबाई शिकवायला उभ्या राहिल्या की आधी पदर खोचायच्या, जणू कुणाशी भांडायलाच निघाल्या आहेत. सोलापुरातल्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या भूगोल शिकवत. लहानपणीच विधवा झालेल्या, वैरागच्या दिरांचा विरोध पत्करून शिकलेल्या. नोकरी गेली असती, तर त्याच घरी परत जावं लागलं असतं. "नाव नंतर, आधी कारण सांग," हे त्यांचं रोजचं वाक्य.

१९३० साली नेपच्यूनच्या पलीकडे नवा ग्रह सापडल्याची बातमी आली. वर्तमानपत्र घेऊन बाई जवळजवळ धावतच वर्गात आल्या. "पण त्याला ग्रह का म्हणायचं?" असं विचारून त्यांनी आम्हाला पटांगणात नेलं आणि एकेकीला आकाशातलं एकेक नाव दिलं. ग्रहांच्या रांगेत यायचं तर कारण द्यायचं.

सूर्य झालेली सुभद्रा म्हणाली, "नवग्रहांत मी पहिला."

"तू कुणाभोवती फिरतेस?"

बाईंनी तिला मधोमध उभं केलं. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो म्हणून तोही गेला, आणि पृथ्वी ऐटीत रांगेत आली. आमचा नुसता कल्ला चालला होता.

ही गोष्ट घरोघरी पोचली. दुसऱ्या दिवशी खेळ रंगात असताना शाळेच्या मंडळातले आप्पा आले. कापसाचे मोठे व्यापारी.

"बाई, सूर्याला ग्रहातनं काढलं म्हनं तुमी? लोक माज्याकडं आल्यात. तुमालाच काढा म्हनत्यात."

बाईंचा चेहरा उतरला, आवाज मात्र नाही. "पूजेतल्या नवग्रहांना मी हात लावलेला नाही, आप्पा. इथं सूर्याभोवती फिरणाऱ्याला आम्ही ग्रह म्हणतो. पृथ्वीसुद्धा ग्रहच."

"म्हंजे आपुन आत्ता ग्रहावर उभं हाय?"

"हो."

आप्पांनी पायाखाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पायरीवर बसले. "चालू द्या."

पाळी माझी होती. मी सीरीस, आकाशातला एक लहानसा गोल. सूर्याभोवती फिरत असल्यामुळे निर्धास्त होते. बाई म्हणाल्या, "शंभर वर्षांपूर्वी तुला ग्रहच म्हणत. मग तुझ्याच वाटेवर तुझ्यासारख्या कितीतरी सापडल्या. म्हणून तुम्हा सगळ्यांना वेगळं नाव दिलं, लघुग्रह."

मला रडू फुटलं.

"हे लई वाईट झालं की," आप्पा म्हणाले. "तिचं काय चुकलं?"

"काहीच नाही. आपल्याला जास्त कळलं, एवढंच. ती आपली फिरतेच आहे."

"मग ह्या नव्याचं बी तसंच व्हईल?"

"होईलही. कुणी सांगावं, त्याच्याही वाटेवर आणखी सापडतील." हे सांगताना बाईंचा चेहरा असा उजळला होता की मी रडायचीच थांबले. आपलं म्हणणं उद्या खोटं ठरेल, याचा एवढा आनंद झालेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

आप्पा मंडळात काय बोलले ते कळलं नाही, पण बाईंची नोकरी राहिली. पुढे काही वर्षांनी त्या तापानं गेल्या. निरोप आला तेव्हा मी मोहोळच्या शाळेत तास घेत होते. डोळे पुसून वळले, तर एका मुलीचा हात वर होता. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. तसं मी तिला सरळ सांगितलं, आणि आम्ही दोघी शोधायला बसलो.