बर्फाचे डोंगर आणि आईची मासळी

मी विलायतेला निघालो तेव्हा आईनं गावदेवीपुढे उभं राहून सगळ्यांदेखत नवस बोलला. "पोर घरान येईल, माज्या हातचा खाईल, तवाच मी मासली तोंडान घालीन." झालं! मोरा बंदरातली कोळीण, रोज सकाळी डोक्यावर पाटी घेऊन उरणच्या बाजारात मासळी विकणारी, आणि आता दोन वर्षं ही बाई मासळी खाणार नाही. मला असा राग आला! मी देवळातच तिच्यावर ओरडलो, "तुला कोणी सांगितलं होतं? गोड सोडायचं होतंस. मासळी सोडून खाणार काय तू?" ती शांतपणे म्हणाली, "भात हाय, डाल हाय." गोड तिला मुळातच आवडत नसे, आणि जे आवडत नाही ते सोडून देवीला फसवायचं कसं, असा तिचा सवाल होता.

तिच्या अशा वागण्याला कारण होतं. मी लहान असताना माझे वडील होडीसकट समुद्रात गेले. रोजच्यासारखेच निघाले होते, भाकरी बांधून घेऊन. रोज जाणाऱ्या माणसासाठी कोण नवस बोलतो? पण त्यांच्या वेळी नवस बोलायचा राहिला म्हणून ते आले नाहीत, हे आईच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. माझ्या वेळी तिला ती चूक करायची नव्हती. घरात आम्ही तिघंच उरलो होतो, आई, मी आणि धाकटी बहीण. त्यातला मी आगबोटीनं सातासमुद्रापार चाललो होतो.

ही साठ सालच्या आसपासची गोष्ट. आमच्याकडच्या होड्यांना तेव्हा नुकती इंजिनं लागत होती, आणि ती शिकायला सरकारनं मला शिष्यवृत्तीवर इंग्लंडला धाडलं. आज मोऱ्यापासून उलव्यापर्यंत सगळं नवी मुंबईच्या हिशेबात धरतात. तेव्हा खाडी, मिठागरं आणि मुंबईला जाणारी लाँच, एवढाच आमचा मुलूख.

इंग्लंडात मी उत्तरेकडच्या एका बंदराच्या शहरात राहिलो. माझ्या वर्गात घानाचा एक मुलगा होता. तोही मच्छीमाराच्या घरातला, त्यामुळे आमचं लगेच जमलं. पण गड्याला एकच नाद, स्थळं बघायची. शनिवार उजाडला की हा हातात माहितीचं पुस्तक घेऊन माझ्या दारात हजर. "ऊठ, आज किल्ला," "ऊठ, आज चर्च." मी डोळे चोळत निघायचो. खोलीत बसून तरी काय करणार? खोलीत थंडी आणि घरमालकीणबाईंचं मांजर, एवढंच होतं.

किल्ल्यांचं मला मुळीच कौतुक वाटलं नाही. भिंती पडलेल्या, छप्पर नाही, आत गवत, आणि ते बघायला दारावर तिकीट! आमच्या उरणच्या डोंगरावर अस्साच पडका किल्ला आहे. तिथं शेळ्या चरतात, आणि शेळ्यांना कोणी तिकीट विचारत नाही. हे मी मित्राला सांगितलं तेव्हा तो इतका हसला की पहारेकऱ्यानं आम्हाला बाहेर व्हायला सांगितलं. चर्चमध्ये मात्र मी गप्प बसायचो. एका चर्चमध्ये बुडालेल्या खलाशांची नावं दगडात कोरलेली होती. ती मी सगळी वाचली. मित्र पुढे निघून गेला होता, तो मला शोधत परत आला.

एक फजिती सांगतो. घरमालकीणबाईंकडे एक जाडजूड चित्रांचं पुस्तक होतं, त्यात घारापुरीच्या लेण्यांचं चित्र निघालं. बाई हरखून म्हणाल्या, "तुमच्या भागातलं ना? तुम्ही पाहिलं असेल." मी म्हटलं, "रोज!" खोटं नव्हतं. मोऱ्याच्या धक्क्यावर उभं राहिलं की घारापुरीचं बेट समोरच दिसतं. पण बेटावर चढून लेण्यांत डोकावायला आम्हाला वेळ कोणाला होता? बाई विचारू लागल्या, मूर्ती केवढी आहे, आत अंधार असतो का, वास कसला येतो. मी ठोकून दिलं, वटवाघळांचा. तेवढं पुढे खरं निघालं.

आमच्या सगळ्या सहलींत मला खरी आवडली ती समुद्रकाठच्या एका लहान गावाची. मित्र तिथला पडका मठ बघायला टेकडीवर चढला आणि मी धक्क्यावर उतरलो. तिथं डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका मासळी साफ करत होत्या. हात सुरीवर आणि तोंडं एकमेकींच्या अंगावर, अगदी आमच्या बायकांसारखी भांडाभांड चाललेली. एकीनं माझ्याकडे बघून काहीतरी टोमणा मारला, बाकीच्या खिदळल्या. मला कळलं काहीच नाही, पण असं बरं वाटलं म्हणून सांगू! घर सोडल्यापासून माझ्याशी इतक्या मोकळेपणानं कोणी बोललं नव्हतं.

मग मित्र खाली आला आणि आम्ही कागदात गुंडाळलेली तळलेली मासळी घेतली. गरमागरम, वरचं पीठ कुरकुरीत, आत पांढरीशुभ्र. मसाला नाही, आंबट नाही, तिखट नाही, पण मासळी ताजी होती. मी पहिला घास घेतला आणि आई आठवली. अहो, आईची आठवण येणं वेगळं. इथं ती समोर येऊन बसली, भात-डाळीची थाळी घेऊन! घास काही केल्या उतरेना. मी अर्धी मासळी समुद्रपक्ष्यांना टाकली. मित्र म्हणाला, "तुला आवडली नाही?" मी त्याला नवसाची हकीकत सांगितली. वाटलं होतं, हसेल. तो हसला नाही. त्याच्याकडेही आया असंच करतात, म्हणाला.

त्यानंतर मी तिकडे मासळी खाल्लीच नाही. नवस मी बोललो नव्हतो, मला कसलं बंधन नव्हतं. पण प्रत्येक सहलीत हा प्रकार. बंदर आलं, तळणीचा वास आला की मला आईचा संताप यायचा. एवढ्या लांब येऊनही बाईनं मला मासळी सुखानं खाऊ दिली नाही!

मला खरं बघायचे होते ते बर्फाचे डोंगर. याचंही कारण मोऱ्यातच आहे. आमच्याकडे मासळीसाठी बर्फ यायचा मुंबईहून लाँचीनं, गोणपाटात, भुशात गुंडाळून. धक्क्यावर तो फोडताना बारीक तुकडे उडायचे. आम्ही पोरं ते उचलून चोखायचो. भुसा आणि मासळी दोन्हींची चव त्याला. माझ्या लेखी बर्फ म्हणजे तोच. आणि मित्राच्या पुस्तकात स्वित्झर्लंडची चित्रं होती. अख्खाच्या अख्खा डोंगर बर्फाचा, कोणी न आणलेला, कोणी न फोडलेला, ना भुसा ना गोणपाट. इंग्लंडात बर्फ पडायचा, पण सकाळपर्यंत त्याचा नुसता चिखल व्हायचा. मला तो डोंगर हवा होता. पुस्तकाचं ते पान मी इतक्यांदा उघडलं की पुस्तक आपोआप तिथंच उघडायला लागलं. घरीही मी हौसेनं कळवून टाकलं होतं की येताना बर्फाचे डोंगर बघून येईन.

शिक्षण संपलं तेव्हा मित्रानं बेत आखला. उन्हाळाभर आगगाडीनं फिरायचं, पॅरिस, मग स्वित्झर्लंड, मग इटली, आणि तिथूनच मी घरची बोट पकडायची. सगळं जुळत होतं. मी मनाशी हिशेबही बसवला. आत्ता निघालो तर भर पावसाळ्यात पोचणार. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, समुद्राची ताजी मासळी कोणाच्याच घरात नाही. मग आईला आणखी दोन-तीन महिन्यांनी काय फरक पडतो? नारळी पौर्णिमा होऊ दे, होड्या बाहेर पडू देत, पहिलं ताजं पापलेट येऊ दे, त्यावरच तिचा नवस फेडू. असं कारण फक्त कोळ्याच्याच डोक्यात येऊ शकतं.

तेवढ्यात बहिणीचं पत्र आलं. इकडचं तिकडचं सगळं लिहून शेवटी एक ओळ होती. घरात सुके बोंबील भाजायला घेतले की आई उठून ओटीवर जाऊन बसते, आणि सगळं आटोपलं का म्हणून दोनदा विचारून मगच आत येते. मी सुकी मासळी हिशेबात धरलीच नव्हती! पावसाळ्यात आमच्या घराघरांत तीच तर असते. मी पत्र खिशात घातलं, मित्राला म्हटलं, "मी सरळ घरी जातो." त्यानं मला आपल्या भाषेत एक शिवी दिली आणि मिठी मारली. स्टेशनवर मी त्याला पोचवायला गेलो. गाडी हलली तेव्हा मला रडू आलं. मित्र चालला म्हणून थोडं, आणि डोंगर चालले म्हणून बरंच.

मोऱ्याला उतरलो तेव्हा लाँच अशी हेलकावत होती की आधी सामान धक्क्यावर फेकलं आणि मागून मला ओढून घेतलं. आई पुढे आली, माझ्या तोंडावरून हात फिरवला, म्हणाली, "वालला." म्हणजे वाळलास. बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी गावदेवीला नारळ फोडला. चुलत्यानं मुद्दाम खाडीत जाळं टाकून जिताडा आणला होता, चांगला हातभर लांब. पावसाळ्यात आमच्याकडे जिताड्यापुढे पापलेटाला कोणी विचारत नाही. आईनं तो स्वतः कापला, आंबट कालवण केलं, तुकड्या तळल्या, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. आधी मी खाल्लं. दोन वर्षांची भूक होती, बोलूच नका. मग रिवाजाप्रमाणे मी माझ्या हातानं तुकडीचा घास मोडून आईच्या तोंडात घातला.

तिनं चावला. चावतच राहिली. मग तोंडाला पदर लावून उठली आणि मोरीवर गेली. परत आली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, "नाय जात रं. वासच नाय सोसत." रोज हातात मासळी घेऊन विकणारी बाई! विकताना वास चालायचा, तोंडात चालेना. पानातली मासळी तिनं माझ्या पानात सारली आणि डाळ-भात कालवायला लागली. अगदी सहज, काही बिघडलंच नाही अशी. "तू आलास ना. नवस त्याच्यासाठी व्हता, मासलीसाठी कुठं व्हता?"

जेवता जेवता तिनं विचारलं, "आनि ते बरफाचं डोंगर? कसं व्हतं?"

"नाही बघितले."

"का रं? तू तर बोलला व्हतास."

माझं डोकं भडकलं. मी म्हटलं, "तुला मासळी खायला घालायची होती ना! तेवढ्यासाठी डोंगर सोडून आलो, आणि तू डाळ खात बसलीस!"

बहीण चुलीपाशी होती, तिनं वळून बघितलं. मग आईनं हात पुढे करून माझ्या पानातली तुकडी परत घेतली, तोंडात घातली, चावली आणि गिळली. वर पाणी प्यायली. "बरी हाय," म्हणाली.

पुढे मला मुंबईला गोदीत नोकरी लागली. सुट्टीला मी लाँचीनं घरी यायचो आणि दरवेळी मासळी असायची. आई माझ्याबरोबर बसून खायची, एखादीच तुकडी, पण खायची. मला समाधान वाटायचं. हळूहळू सवय परतली म्हणायचं, असं मी घरात सगळ्यांना सांगत असे. असं किती वर्षं चाललं, ते आता आठवतही नाही.

आई गेली. दिवसकार्य झाल्यावर बहिणीनं घरात पहिल्यांदा मासळी केली. वाढताना मला म्हणाली, "दादा, आता सांगते. तू असलास तेवढ्याच दिवशी ती खायची. तुझी पाठ वळली की मागच्या दारी जाऊन ओकायची."

मी विचारलं, "मग खायची कशाला?"

"तू बरफ सोडलास ना तिच्यासाठी," बहीण म्हणाली, आणि माझ्या पानात तुकडी वाढली.

आता मी उलव्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो. विमानतळ दाराशी आल्यापासून तो माझ्या मागे लागला आहे, बाबा, एकदा स्वित्झर्लंड करून येऊ, तुम्हाला बर्फाचे डोंगर बघायचे होते ना. मी त्याला सांगतो, मला आता थंडी सोसत नाही.