कोरा फेटा

निजामाच्या अमलात मी जालन्याच्या एका कापडदुकानात फेटे-धोतरं विकायला होतो. लग्नसराई तोंडावर आली की मालक फर्मान काढत: दुकानात जो माल, तोच नोकरांच्या अंगावर. "डोक्यावर बघितल्याबिगर गिऱ्हाइकाला फेटा कळत न्हाई," हे त्यांचं म्हणणं. मला ते पटायचंही. खोटं कशाला बोलू, जरीकाठी फेटा बांधून बैठकीवर बसलं की मीच नवरदेव वाटायचो. खटकायचं ते एवढंच, की घडी मोडलेला तोच फेटा आम्ही जुन्या घड्यांवर बसवून कोरा म्हणून विकत असू.

एकदा घनसावंगीकडचे एक शेतकरी आले. मी आत गाठोडी सोडत होतो. त्यांचं बोलणं तिथपर्यंत ऐकू येत होतं.

"जावयासाठी डाळिंबी फेटा पायजे. पन कोरा. एकच लेक हाये माही, अन् सोयरे लई चौकस."

डाळिंबी फेटा एकच उरला होता आणि तो माझ्या डोक्यावर होता. मालक आत आले आणि त्यांनी नुसतं माझ्या डोक्याकडे बोट दाखवलं.

मी फेटा सोडला. आतल्या पदराला माझ्या खोबरेलाचा वास येत होता. तो पदर घडीच्या पोटात घातला, वरून हात फिरवला आणि बाहेर नेऊन ठेवला.

"कुनी घडी न्हाई ना मोडली?" त्यांनी मलाच विचारलं.

"बिलकुल कोरा," मी म्हणालो.

त्यांनी फेटा कपाळाला लावला. मग माझ्या कपाळाकडे बघतच राहिले. फेट्याचा वळ उठला होता तिथे. आता हे भर पेठेत माझी अब्रू काढणार, असंच मला वाटलं.

"डोकं लई दुखून राह्यलं का दादा? फडकं आवळून बांधल्तं जनू. सुंठ उगाळून लावा, बराबर उतरंल."

"हो, सकाळपासून दुखतंय," मी म्हणालो. पहिल्या खोट्याची वाटली नव्हती इतकी लाज मला या दुसऱ्याची वाटली.

फेटा काखेत मारून ते निघाले. हाक मारायला मी पायरीपर्यंत गेलो आणि तिथेच उभा राहिलो. त्या लग्नात घडी उलगडली तेव्हा काय झालं, मला कधीच कळलं नाही.

मालकांनी दुसरा फेटा माझ्यापुढे टाकला. "गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. मंग तुमचं काय दुखून राह्यलं?"

"डोकं," मी म्हणालो, आणि फेटा बांधायला घेतला.